उंदराचं औषध आणि न लिहिलेले मृत्यू

आमच्या भागात विषाला 'औषध' म्हणतात. कांद्यावर औषध मारलं, बियाण्याला औषध चोळलं, बराखीत उंदराचं औषध ठेवलं. मीही लहानपणापासून असंच बोलत आलो. पुण्यात नोकरीला लागून बारा वर्षं झाली, संगणकावर कोड लिहून पोट भरतो, तरी लोणीला घरी पाय ठेवला की जीभ आपोआप तेच शब्द काढते. गेल्या दिवाळीपासून मात्र हा एक शब्द घशात अडकतो.

सुट्टी संपवून परतायच्या दिवशी पहाटे बाहेर पडलो, तर बराखीमागच्या लिंबाखाली एक गव्हाणी घुबड पडलेलं. पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड, पंख पसरलेले. कुठे जखम नाही, पंख मोडलेला नाही, विजेची तार जवळपास नाही. चोचीच्या मुळाशी आणि नाकपुड्यांत वाळलेलं रक्त होतं. आठ-दहा दिवसांपूर्वीच चाचांनी बराखीच्या कडेने निळ्या रंगाचे केक ठेवले होते. केक म्हणजे मेणात घोळवलेलं विष. मी चाचांना हाक मारली. ते आले, बघितलं आणि म्हणाले, "उल्लू मऱ्या तो मऱ्या, प्याज तो बची ना?"

चाचा दुष्ट नाहीत हे आधी सांगतो. लोणी, धामणी हा आंबेगाव तालुक्याचा पूर्वेकडचा कोरडा पट्टा. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचा पाऊस पडतो, आमच्याकडे ढग फक्त तोंड दाखवतात. कांद्याला भाव मिळेल या आशेवर माणूस चार-पाच महिने बराख सांभाळतो आणि एक दिवस आत हात घातला तर खालचा थर उंदरांनी कुरतडून कुजवलेला. ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जातात, बाजरीची कणसं खाली पडतात, ऊस बुडापासून पोखरला जातो, बांधाला घूस भोकं पाडते. हे नुकसान खरं आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून 'उंदीरसुद्धा निसर्गाचा भाग आहे' असं शेतकऱ्याला शिकवणाऱ्यांपैकी मी नाही. उंदीर मारायलाच हवेत. माझं भांडण वेगळं आहे. आपण उंदीर मारतो तेव्हा आणखी काय काय मारतो, हे कुणीच कुठे लिहून ठेवत नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणून ते घडत नाही असं मानून सगळे मोकळे होतात.

त्या सकाळी मी एका सरकारी कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. घुबड म्हटल्यावर त्याने विचारलं, "जिवंत आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग पुरून टाका." तपासणी होईल का, असं विचारलं तर हसला. "दादा, बिबट्या असता तर आलो असतो."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. कारण ते चुकीचं नाही. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत, बिबट्याची प्रत्येक हालचाल बातमी होते. माणिकडोहला बिबट्यांसाठी केंद्र आहे. बिबट्या मेला तर पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, फोटो छापून येतो. ते व्हायलाच हवं, आमच्या भागातली माणसं उसाच्या कडेने जीव मुठीत धरून चालतात. पण आपण बिबट्या मोजतो तो त्याची भीती वाटते म्हणून. घुबड, धामण, मुंगूस, खोकड, रानमांजर, कापशी घार यांची भीती वाटत नाही. घुबडाची वाटते, पण ती वेगळ्या कारणासाठी.

त्या कारणाविषयी इथेच बोलून घेतो. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून नदीवर नेऊन घासतं आणि दगड झिजतो तसा मारणारा माणूस झिजतो, हे मी शेजारच्या आजींकडून ऐकलं. घराच्या आढ्यावर घुबड बसलं तर मौत होते, हे माझ्या दादीकडून ऐकलं. दोघींचे धर्म वेगळे, घुबड एकच. खरं तर घुबडाच्या अपशकुनाचा, 'हामा'चा, समज हदीसमध्येच नाकारलेला आहे. पण आपल्या घरांत हदीसपेक्षा दादीचं चालतं. गंमत अशी की याच महाराष्ट्रात पहाटे कंदील घेऊन दारात येणारा पिंगळा जोशी 'मला पिंगळ्याची भाषा कळते' असं सांगून शुभाशुभ सांगायचा आणि लोक त्याला सुपातून धान्य घालायचे. म्हणजे लहान घुबड बोललं तर भिक्षा, मोठं घुबड बसलं तर दगड.

आता त्या केकविषयी. त्यात बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं. त्याची गोष्ट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सुरू झाली. सडलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचं रसायन शोधलं आणि त्यातूनच पुढे वॉरफेरिन तयार झालं. १९४८ पासून ते उंदीर मारायला वापरात आलं, नंतर माणसाचं रक्त पातळ करायलाही. आज तुमच्या-माझ्या घरातल्या हृदयरोग्यांच्या गोळ्यांत ते असतं. म्हणजे 'औषध' हा शब्द अगदीच खोटा नाही. उंदीर वॉरफेरिनला सरावले, तेव्हा दुसऱ्या पिढीची विषं आली: ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम आणि त्यांची भावंडं. काम तेच. 'क' नव्हे, 'के' जीवनसत्त्वाचं चक्र बंद पाडायचं, मग रक्त गोठत नाही. फरक असा की ही नवी विषं एका खाण्यात पुरतात आणि यकृतात महिनोन्‌महिने टिकून राहतात.

मुद्दा इथे आहे. केक खाल्लेला उंदीर त्या रात्री मरत नाही. त्याला चार-पाच दिवस लागतात. म्हणूनच तो विषाला ओळखत नाही. झिंक फॉस्फाइडने एकदा पोटात दुखलं आणि वाचला, तर उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. केकच्या बाबतीत त्याला काही कळतच नाही. तो दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा खातो, तिसऱ्या रात्री पुन्हा. मरेपर्यंत त्याच्या अंगात गरजेच्या कितीतरी पट विष साठलेलं असतं. शेवटच्या दिवसांत तो सुस्तावतो, भरदिवसा उघड्यावर येतो, पळत नाही. शिकाऱ्यासाठी यापेक्षा सोपी शिकार कुठली? पिल्लं असलेल्या गव्हाणी घुबडाच्या जोडीला एका रात्रीत कितीतरी उंदीर लागतात. जो जास्तीत जास्त उंदीर मारतो, त्याच्या पोटात जास्तीत जास्त विष जातं. आपण आपल्या सगळ्यात चांगल्या गड्याला आधी मारतो.

पाकिटावर जो रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा, तो काय सांगतो? ते विष थेट पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती घातक, एवढंच. खाणाऱ्याला खाणाऱ्याचं काय होईल, हे त्या त्रिकोणात कुठेच नाही. माझ्या धंद्यात सगळ्यात वाईट चूक कुठली, तर जी कुठेच त्रुटी दाखवत नाही ती. प्रणाली चालू राहते, पडदा हिरवा दिसतो आणि आत माहिती सडत असते. लॉग लिहिलेलाच नसेल तर वरिष्ठ विचारतात, "बग आहे कशावरून?" अगदी हाच प्रश्न मला तालुक्यातल्या एका कृषी दुकानात विचारला गेला. दुकानदाराने आधी विचारलं, "उंदीर का घूस?" मग बिल न देता केकची पाकिटं पुढे सरकवली. मी घुबडाचं सांगितलं. तो म्हणाला, "पुरावा काय?"

पुरावा नाही, हे मी इथे लिहून देतो. आमच्या लिंबाखालचं घुबड केकनेच मेलं हे मी सिद्ध करू शकत नाही. त्याचं यकृत कुणी तपासलं नाही. पण 'पुरावा नाही' आणि 'पुरावा गोळा होऊच दिला नाही' या दोन गोष्टींतला फरक न कळण्याइतके आपण भोळे आहोत का?

गिधाडांचं आठवा. नव्वदच्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभु प्रकाश यांनी गिधाडं घटत असल्याची नोंद केली. कुणी म्हणालं विषाणू आहे, कुणी म्हणालं अन्न कमी झालं. उत्तर सापडलं ते सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या पंजाबात. तिथे संशोधकांनी मेलेली गिधाडं एकेक करून गोळा केली, उघडली, मूत्रपिंडं तपासली. आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर होता आणि मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक सापडलं. तेही औषधच होतं, गुरांचं दुखणं थांबवणारं. २००४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तोवर काही जातींची पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. ज्यांनी मेलेला पक्षी 'पुरून टाका' म्हटलं नाही, त्यांच्यामुळे उरलेली वाचली. आधी विभु प्रकाश यांनी आकडे लिहून ठेवले नसते, तर पक्षी कमी झालेत हेसुद्धा पटायला आणखी दहा वर्षं गेली असती.

ब्रिटनमध्ये हे काम १९६० च्या दशकापासून चालू आहे. कुणालाही रस्त्याकडेला मेलेलं घुबड किंवा ससाणा सापडला तर तो पक्षी शास्त्रज्ञांकडे पाठवता येतो. तिथल्या गव्हाणी घुबडांची यकृतं दरवर्षी तपासली जातात आणि बहुतेक वर्षी दहापैकी आठ-नऊ पक्ष्यांत दुसऱ्या पिढीच्या उंदीरनाशकांचे अंश सापडतात. सगळीच घुबडं त्यानेच मेली असं नाही. बरीचशी गाडीच्या धडकेने मेलेली असतात आणि अंश थोडा असतो. पण विष शिवारातून घुबडापर्यंत पोचतं की नाही, हा वाद तिथे संपला आहे. तो संपवला सामान्य माणसांनी पाठवलेल्या मेलेल्या पक्ष्यांनी.

बिबट्यावाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. लॉस एंजेलिस शहरातल्या ग्रिफिथ पार्कमध्ये पी-२२ नावाचा एक पहाडी सिंह राहायचा, म्हणजे प्यूमा. तो आपल्या उसातल्या बिबट्यासारखाच, माणसांच्या गर्दीत लपून जगणारा. २०१४ मध्ये तो खरजेने खंगलेला सापडला आणि त्याच्या रक्तात उंदीरनाशक निघालं. त्या डोंगररांगांत तपासलेल्या जवळपास सगळ्या पहाडी सिंहांच्या अंगात अशी विषं सापडली. प्यूमा काही रोज उंदीर खात नाही, उंदीर खाणाऱ्या प्राण्यांना खातो. लोकांनी आवाज उठवला आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून दुसऱ्या पिढीच्या विषांचा बहुतांश वापर थांबवला. आता आपल्याकडे बघा. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. वस्तीवरचं कुत्रं मेलेला उंदीर खातं का? तुमच्या दारातलं बघा आणि तुम्हीच सांगा.

मोजण्याचं आपलं वाकडं गणित महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या व्यासपीठावर बघितलं आहे. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत विचारलं की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले गेले, हे कसं काय? सगळा महाराष्ट्र हसला. सरकारतर्फे खुलासा आला की हा आकडा उंदरांचा नाही, विषाच्या गोळ्यांचा आहे. खुलाशानंतर विषय संपला. माझ्यासाठी तो तिथे सुरू होतो. तीन लाखांवर गोळ्यांचा हिशेब कागदावर आहे. त्या गोळ्यांनी किती उंदीर मेले, ते कुठे पडले, कुणी खाल्ले, मलबार हिलच्या घारींचं काय झालं, याचा एकही कागद नाही. आपण गोळ्या मोजतो, कारण गोळीचं बिल निघतं.

हे फक्त पक्ष्यांचं दुखणं नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यातले कातकरी भातखाचरांतले उंदीर पकडून खातात. ते त्यांचं हक्काचं अन्न आहे आणि शेतकऱ्याचं फुकटात होणारं काम. विष ठेवलेल्या शिवारात उंदीर पकडायला येणाऱ्या माणसाला कुणी सांगतं का? तळहातावर केक घेऊन बांधाबांधाने ठेवत जाणारी बाई रोजंदारीवरची असते, तिला हातमोजे कुणी देत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. दवाखान्यात एकामागून एक रुग्ण येऊन नोंद झाली, म्हणून ते दिसलं. आधीच्या वर्षांत कितीजण 'चक्कर येऊन' गेले असतील?

मी हा विषय आपल्या एका बैठकीत मांडला तेव्हा एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, "आपल्यापुढे प्रश्नांचे डोंगर आहेत आणि तू घुबड घेऊन आलास?" त्यांच्याबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. आपण नागरिक आहोत असं म्हणायचं आणि नागरिकत्व फक्त आपल्या तक्रारींपुरतं ठेवायचं, हे कसं? राज्यघटनेच्या ५१ क अनुच्छेदात नागरिकाची मूलभूत कर्तव्यं आहेत. १९७६ मध्ये आली, म्हणून काहींना ती आवडत नाहीत. तिथे वन्य जीव आणि प्राणिमात्रांविषयीची दया एका खंडात आहे आणि त्याच्या लगेच पुढच्या खंडात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन. ते दोन्ही शेजारी बसलेत. घुबड पुरून टाकताना आपण दोन्ही एकाच खड्ड्यात पुरतो. शिवाय आमच्या गावात ज्या प्रश्नावर मराठा, माळी, धनगर, मुसलमान सगळे एका पारावर बसतील असा दुसरा प्रश्न कुठला आहे, तेही मला सांगा. उंदीर जात बघून बराखीत शिरत नाही.

आणि आपल्या वारशाचंच बोलायचं तर सालिम अलींचं उदाहरण देतो. मुंबईतल्या या पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कुठला पक्षी, हे त्याच्या मामांनाही सांगता येईना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी 'जाऊ दे, फेकून दे' म्हटलं नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. भारताचं पक्षीविज्ञान एका मेलेल्या चिमणीपासून आणि एका मामाच्या चिठ्ठीपासून पुढे गेलं. आज त्यांच्याच नावाने कोईमतूरला असलेलं केंद्र मेलेल्या पक्ष्यांमधले कीटकनाशकांचे अंश तपासत आलं आहे. म्हणजे तपासायची सोय देशात आहे. लोणीपासून तिथपर्यंत एकही चिठ्ठी जात नाही, एवढंच.

ती चिठ्ठी कशी जाईल, याचा मी गेलं वर्षभर नाद घेतला आहे. आधी माझा मूर्खपणा सांगतो. मी ॲप बनवलं. फोटो काढा, जागा आपोआप नोंदेल, नकाशावर लाल ठिपका येईल. तीन शनिवार-रविवार खपलो. गावातल्या चौदा जणांच्या फोनमध्ये टाकून दिलं. दोन महिन्यांत त्यात आला एक फोटो, तोही कुणाच्या तरी बैलाचा. पहाटे डेअरीला दूध घालायला जाणाऱ्या माणसाच्या एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात गाडीचं हँडल असतं. तो लॉगिन कधी करणार? शेवटी डेअरीच्या टेबलावर एक दोनशे पानी वही दोरीने बांधून ठेवली. रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या वाड्यावस्त्यांतली माणसं तिथे येतात आणि फॅटचा आकडा लिहायची सवय त्यांना आहेच.

वहीत पाच रकाने आहेत. तारीख. कुठे. काय मेलेलं दिसलं. जखम होती की नाकातोंडातून रक्त होतं. आणि त्या शिवारात गेल्या पंधरवड्यात कुणी काय ठेवलं होतं. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अवघड, कारण त्यात शेजाऱ्याचं नाव येतं. म्हणून आम्ही ठरवलं की नाव लिहायचं नाही, फक्त मालाचा प्रकार: केक, काळी पावडर, की दुसरं काही. भांडण लावणारी वही आठवड्यात फाटते.

कायद्याची एक अट ध्यानात ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मेलेलं घुबड, धामण किंवा मोर घरी आणून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, पीसही जपून ठेवू नका. हात लावायचा नाही, कुत्र्यांपासून झाकून ठेवायचं, फोटो काढायचा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. आणि कळवलं त्याची वेळ वहीत लिहायची. कुणी आलं, नाही आलं, तेही लिहायचं.

ही वही डेअरीत राहून भागणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात पुण्याच्याच माधव गाडगीळ यांचा मोठा हात. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिल्यावर राज्यांनी धावपळ करून नोंदवह्या पुऱ्या केल्या. घाईत भरलेल्या अशा वह्यांत गावात कुठले पक्षी आहेत याची यादी असते. ते कशाने मरतात, याला पान नसतं. ते पान ग्रामसभेत ठराव करून जोडता येतं. त्यासाठी मुंबईची परवानगी लागत नाही, पैसाही लागत नाही. ठराव असला की तालुक्याच्या पशुवैद्यकाला यकृताचा नमुना घ्यायला सांगता येतं आणि वनविभागाला 'बिबट्या असता तर' म्हणता येत नाही.

विष पूर्ण बंद करा, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर चाचा मला जेवायला वाढणार नाहीत. पण केक उघड्यावर फेकू नका, उंदीरच शिरेल अशा तोंडाच्या नळीत किंवा डब्यात ठेवा. सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, उकिरड्यावर टाकू नका. आधी बिळं बुजवा आणि दुसऱ्या दिवशी जी उघडली असतील तेवढ्याच बिळांवर खर्च करा. ही साधी गोष्ट कृषी खातं आणि जोधपूरच्या काझरी संस्थेतून चालणारा उंदीर नियंत्रणाचा अखिल भारतीय प्रकल्प कितीतरी वर्षं सांगत आलेत. रुंद बांध छाटा, घुशीला घर कमी मिळेल. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात काम करा, नाहीतर माझे उंदीर तुमच्याकडे आणि तुमचे माझ्याकडे. पिंजरे आहेत, चाप आहेत. पक्षीथांबे आपण हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी लावतोच, तेच थोडे उंच लावले तर रात्री घुबड बसतं. मलेशियात पामच्या मळ्यांत घुबडांसाठी लाकडी पेट्या लावून उंदीर आटोक्यात ठेवण्याचा प्रयोग अनेक दशकं चालू आहे. आणि तिथल्याच अभ्यासकांनी १९८० च्या दशकात लिहून ठेवलं की जिथे दुसऱ्या पिढीचं विष टाकलं, तिथली घुबडं घटली. एका हाताने पेटी लावायची आणि दुसऱ्या हाताने केक टाकायचा, हे जमत नाही. दुकानदारांनीही बिलाशिवाय केक विकू नये, आणि विकले तर कुठल्या गावात किती गेले एवढं तरी लिहावं. खताचं लिहितात, मग याचं का नाही?

"शेतकऱ्यावर आणखी एक कागद लादतोस," असं एक शेजारी आण्णा म्हणाले. मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही गेल्या वर्षी केकवर किती पैसे घातले?" त्यांना आठवेना. "आणि उंदीर कमी झाले?" ते हसले. "यंदा जास्तच आहेत." मग थोडं थांबून म्हणाले, "पण शाळेच्या जुन्या इमारतीत घुबडं असायची बघ. खाली केसांचे नि हाडांचे गोळे पडलेले असायचे." ते गोळे म्हणजे घुबडाने ओकलेले उंदरांचे सांगाडे. लहानपणी आम्ही ते काडीने फोडून आतल्या कवट्या मोजायचो. आता आण्णांना विचारलं की ते गोळे दिसायचे कधी बंद झाले, तर त्यांना साल सांगता येईना. मलाही येईना. गावात कुणालाच येईना.

जानेवारीत मी पुन्हा गेलो तेव्हा डेअरीतल्या वहीत नऊ ओळी झाल्या होत्या. दोन धामणी, त्यातली एक काठीने मारलेली. एक मुंगूस, रस्त्यावर. पहिली ओळ माझी असेल असं मला वाटत होतं, पण अक्षर वेगळं होतं, वळणदार, जुन्या शाळेतलं. चाचांचं. दिवाळीनंतरची तारीख, बराखीमागचा लिंब, उल्लू मोठा पांढरा, नाकात रक्त. पाचव्या रकान्यात लिहिलं होतं: केक, अकरा, आमचेच.

त्याखाली मी पेन्सिलीने सहावा रकाना आखून आलो आहे, तपासणीचा निकाल लिहायला. तो अजून रिकामा आहे.